ऑर्फा मावशीच्या सरळ काड्या

ऑर्फा मावशीनं आयुष्यातली चाळीस वर्षं तारेखालून सरपटत काढली. क्लॅमथ नदीच्या वरच्या उतारावरचं हेझलच्या झुडपांचं रान आम्हा करुक आदिवासींचंच, पण तिच्या आजीच्या काळात तिथे लाकूड कंपनीचं कुंपण आलं. टोपल्या विणायला काड्या तर हव्यातच. मग मावशी तारेखालून आत शिरायची. पहारेकऱ्यानं हटकलं की म्हणायची, "कुत्रं शोधतेय." तिनं कुत्रं कधीच पाळलं नाही.

पाच वर्षांपूर्वी ती जमीन आमच्या जमातीला परत मिळाली. मावशी तेव्हा एक्क्याऐंशीची. तिनं एकच सांगितलं, "रान जाळा." हेझल जाळलं की दुसऱ्या वसंतात सरळ, लवचीक काड्या मिळतात. न जाळलेल्या काड्या वेड्यावाकड्या, किडक्या. आजीनंतर तिथे कुणी आग लावली नव्हती.

अडचण मीच होते. जमीन समितीची सचिव मी, वनशास्त्राची पदवी माझ्याकडे, आणि आग लावणाऱ्या तुकडीत माझी एकुलती एक मुलगी, टेस. रान जाळण्याचा माझा आराखडा चव्वेचाळीस पानांचा झाला, त्यात अकरा पानं नुसती वाऱ्यावर. पहिल्या पानगळीत मी वाऱ्यामुळे बेत रद्द केला. दुसऱ्या पानगळीत वारा नव्हता, त्याचीही मला शंका आली.

"बाई गं," मावशी म्हणाली, "कंपनीनंसुद्धा मला इतकं अडवलं नव्हतं. तिच्या कुंपणाला खाली फट तरी होती."

मला ते फार लागलं. लागलं म्हणून मी आराखड्याला आणखी एक परिशिष्ट जोडलं.

तिसऱ्या वर्षी विणताना मावशीचा हात थरथरू लागला. जाळल्यावरही दोन वसंत थांबायचं होतं, आणि तेवढा वेळ तिच्याकडे आहे का, हे माझ्या चव्वेचाळीस पानांत कुठेच नव्हतं. मी सही केली.

आग लावायच्या सकाळी उतारावर पोचताच मावशी सवयीनं वाकली आणि तारेखालून आत सरपटली. तिच्यामागे मीही, आराखडा दातांत धरून. माझा कोट तारेला अडकला. पालथ्या पालथ्याच मला टेसचे बूट दिसले.

"आई, फाटक उघडं आहे."

"कुत्रं शोधतोय," मावशी म्हणाली.

"जमीन परत मिळाली, हे या दोघींना कुणी कळवलंच नाही वाटतं!" टेस ओरडली. सगळी तुकडी हसत सुटली.

तिनं मशाल मावशीच्या हाती दिली. मावशीनं बोट ओलं करून वर धरलं.

"वारा बरा आहे. सचिवबाई, तुमचं काय म्हणणं?"

"बरा आहे," मी जमिनीवरूनच म्हणाले. अकरा पानांचं सार.

यंदाच्या वसंतात मावशीनं तिथल्या काड्या कापल्या, फाटकातून ताठ चालत जाऊन. हात थरथरतोच, विणायला दुप्पट वेळ लागतो. पहिली विणली ती आई कामात असताना बाळाला बांधून ठेवायची टोपली. आमच्या घरात तर बाळ नाही. मी टेसकडे पाहिलं, मग तिच्या पोटाकडे.

"कुणासाठी गं मावशी?"

"तुझ्यासाठी. पुढचं रान जाळताना तुला यात बांधून झाडाला टेकवून ठेवू."