विनयची रायफल स्वच्छ होती

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या या अख्ख्या चँडलर गावाचे कान किटवणाऱ्या या नागपूरकराकडे न सांगितलेलं काही उरलंय? उरलंय — एकच.

माझा रायफलचा किस्सा तुम्ही पॉटलकला, घरोघरच्या डब्यांच्या पंगतीत, ऐकला असेल. हत्ती लोळवणारी काडतुसं मी गॅरेजमध्ये स्वतः भरतो, बार काढला की वाळवंटातले निवडुंग हात वर करतात, वगैरे. आणि शेवटी — माझ्या मित्राने, विनयने, रायफल साफ ठेवली नाही म्हणून काडतूस आत ढकलणारा बोल्ट अडकला. सगळे हसतात. विनय सगळ्यात जास्त.

पण तसं नव्हतं.

काडतुसात दारू जास्तीत जास्त किती भरायची, ते पुस्तकात छापलेलं असतं. मी त्याच्या वर गेलो. कॉम्प्युटरच्या चिपा बनवणारा इंजिनिअर ना — छापील आकड्यांवरून एक्सेलमध्ये सरळ रेघ ओढली आणि दाबाचा अंदाज काढला. दाब असा सरळ चढत नाही, वर गेल्यावर एकदम उसळतो, हे मला माहीत नव्हतं? होतं. पण रेघ फार देखणी आली होती.

नेमबाजीच्या रेंजवर पहिला बार मीच काढला. बोल्ट उघडायला दोन्ही हात लागले. रिकामी पुंगळी पाहिली — बुडाची टोपी चपटी. म्हणजे दाब जास्त. थांबायचं, बस. पण सगळ्यांसमोर इतकी फुशारकी मारलेली — कसा थांबणार? पुंगळी गुपचूप खिशात टाकली. विनयची रायफल माझ्या रायफलच्याच जातीची. तसलंच काडतूस त्याला दिलं. "मार बिनधास्त," म्हटलं, "लोणी आहे लोणी."

बोल्ट तर अडकलाच, वर उसळलेल्या वायूने त्याचा गाल भाजला. डोळा बोटभर अंतराने वाचला. हौसेने घेतलेली रायफल कायमची निकामी. गालावर हात धरून तो म्हणाला, "यार, मीच काडतुसाचं चेंबर नीट पुसलं नसेल."

मी म्हटलं, "तेच झालं असणार."

त्यानंतर तो रेंजवर कधी आला नाही.

परवा पॉटलकला एक नवीन काकू आल्या होत्या. विनय म्हणाला, "अरे, यांना सांग ना माझा किस्सा." मी तोंड उघडलं — आणि भाताचा घास कोंबला. माझ्यासारख्या माणसाने.

म्हणून लिहिलं, आणि काय सांगू, किती हलकं वाटतंय. आज विनयच्या घरी जाऊन हे त्याला वाचून दाखवणार आहे. मग शनिवारच्या पॉटलकला काकूंना. रायफल स्वच्छ होती. काडतूस माझं होतं. आणि मला माहीत होतं.