ओठ हलले

कोऱ्या जीन्सचा वास आला की माझे ओठ आपोआप घट्ट मिटतात. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये आमच्या खोलीखाली जीन्स शिवायचा कारखाना होता, आणि लग्नानंतर घरी बसून बी.ए. करताना त्या मशिनींच्या घरघरीत स्वतःचं वाचन ऐकू यावं म्हणून मी मोठ्याने वाचायची. शेवटच्या वर्षाची परीक्षाही घरूनच होती, मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर. तीन वॉर्निंग झाल्या की पेपर बंद, वर्ष वाया. पेपर सुरू होतो न होतो तोच स्क्रीनवर लाल अक्षरं आली, "आवाज येत आहे." सासूबाई धावत खाली कारखान्याच्या मालकिणीकडे गेल्या. "भाभी, मशीन बंद करो ना, सुनेचा पेपर है!" सगळ्या मशिनी थांबल्या. इतकी शांतता त्या खोलीत मी कधी अनुभवली नव्हती. हायसं वाटून पुढचा प्रश्न वाचला, तर पुन्हा लाल अक्षरं, "ओठ हलत आहेत." सवयीने मी पुटपुटत होते. ओठ न हलवता वाचायचं कसं, तेच मला येत नव्हतं. शेवटी खालचा ओठ दातांत धरला आणि तोंडात रक्ताची चव आली तरी पेपर संपेपर्यंत सोडला नाही. आता मी शिकवते त्या विद्यापीठात परवा दूरशिक्षणाच्या परीक्षांचे नियम ठरवायला आम्ही बसलो होतो. "ओठ हलले की थेट पेपर रद्द," एक सर म्हणाले. हरकत घ्यायला मी हात वर केला. सगळे माझ्याकडे वळून थांबले, आणि खालचा ओठ माझ्या दातांतून सुटेना.