मामांचं उरलेलं पोट

आमच्या मामेसासऱ्यांइतका प्रामाणिकपणे जेवणारा माणूस भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात दुसरा झाला नाही, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. शेळगावला त्यांची पाटाच्या पाण्यावरची बागायत होती, निम्म्यात ऊस आणि निम्म्यात वांगी. ऊस तोडणीला आला की नाही हे ते दोन कांडकी चघळून ठरवत, आणि दोन कांडक्यांवर निकाल लागत नसल्यामुळे बांधावरच बैठक मारून चारपाच ऊस संपवत. पंगतीत बसताना फेटा काढून मागे ठेवत, पानाभोवती पाणी फिरवत आणि त्यानंतर शेजारी कोणी चक्कर येऊन पडला तरी मान वर करत नसत. इंदापूर तालुक्यात लग्न ठरलं की आचारी आधी विचारायचा, "शेळगावचे मामा येणार हायत का?" आणि होकार आला की डाळीचं पातेलं बदलायचा. "किती पोळ्या झाल्या?" असं एकदा मी त्यांना भाबडेपणाने विचारलं, तर ते दुखावून म्हणाले, "जावईबापू, मोजून खायाला ते काय औषध हाय?"

अशा माणसाच्या पोटात व्रण झाला. गंमत अशी, की त्या दुखण्याला चार घास खाल्ले की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. मामांना एवढं कारण पुरेसं होतं. पहाटे दुखलं की भाकरी, दुपारी दुखलं की भाकरी. "देवानं दुखनं दिलं, पन इचार करून दिलं," असं ते चावडीवर सांगत. चार वर्षं हा उपचार चालला. मग एका सकाळी वांग्याच्या वाफ्यात त्यांना रक्ताची उलटी झाली आणि भवानीनगरहून पुण्याला निघालेल्या ट्रकमध्ये गादी टाकून त्यांना नेलं. तिथल्या सर्जनने पोटाचे तीन भाग कल्पून त्यातले दोन काढून टाकले.

महिन्याभराने मामा बारामतीला आमच्या दोन खोल्यांत मुक्कामाला आले, कारण आठवड्याला दाखवायचे ते डॉक्टर आमच्याच आळीत राहत. मामी शेताकडे बघायला शेळगावात थांबल्या. मी शाळामास्तर, पहिल्यापासून काडीसारखा. मामा दारातून आत आले तेव्हा त्यांचा सदरा आधी आला आणि मामा मागून आल्यासारखे वाटले. डॉक्टरांनी नियम घालून दिले होते: दर दोन तासांनी एक वाटी, त्याहून जास्त नाही, प्रत्येक घास तीस वेळा चावायचा, जेवताना पाणी नाही, गोड अजिबात नाही, आणि खाल्ल्यावर अर्धा तास आडवं पडायचं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डाक्टर, ते काढल्यालं पोट कुठं ठिवलंय?"

"टाकून दिलं असणार त्यांनी."

"इचारायचं तरी," मामा हळहळले. "माझं जल्माचं जेवान हुतं त्यात."

वाटीवरून आमच्या घरी रोज तह व्हायचे. पहिल्या दिवशी मामांनी कपाटातून आमच्या लग्नातली मोठी वाटी शोधून काढली आणि "वाटी ती वाटीच" असा मुद्दा मांडला. माझी बायको सुमन हिने ती वाटी हातातून काढून घेतली आणि आमटीची लहान वाटी पुढे ठेवली. मऊ भाताचा घास तीस वेळा चावताना मामा बोटांच्या पेरांवर मोजत, मध्येच कोणी बोललं की आकडा चुके आणि मग उरलेला दिवस त्या माणसाशी अबोला. स्वतःचं जेवण असं आटोपल्यावर ते माझ्या जेवणाकडे वळत. ही खरी शिक्षा होती. "जावईबापू, ठेचा कडंला का ठिवलाय? त्यो भाकरीच्या पापुद्र्यात भरा. आता वरनं दह्याचा थेंब. हां! आता डोळं मिटा." मी डोळे मिटत असे. "काय लागलं?" "चांगलं लागलं, मामा." "आसं न्हाय, नीट सांगा." मग मी तिखट आधी लागलं की आंबट आधी, कोर कुरकुरली की नाही, हे वर्णन करून सांगे आणि मामा भिंतीला टेकून ते ऐकत. वर्णन अपुरं वाटलं की सुमनला सांगत, "सुमे, ह्यांना अजून अर्धी वाढ, ह्यांच्या ध्यानात आलं न्हाय." दोन महिन्यांत माझ्या कोटाची बटणं लागेनाशी झाली. वर्गात पोरं हसू लागली. मामा एकदा आडतीवरच्या मोठ्या तराजूत स्वतःला गुळाच्या ढेपांनी तोलून आले. पूर्वी चार लागत, आता दोन ढेपा आणि वर एक रिकामं पोतं. परत येऊन माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "गेलं ते घरातच ऱ्हायलं म्हनायचं."

तरी एकदा त्यांनी फसवलंच. फिरून येतो म्हणून निघाले आणि गावाबाहेरच्या गुऱ्हाळावर जाऊन गरम काकवी पोटभर, म्हणजे त्या उरलेल्या पोटाला भरपूर होईल इतकी, प्याले. पाच मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधार. गुऱ्हाळवाल्यांनी बैलगाडीत घालून घरी आणलं. मामांनी गाडीतच निरवानिरव सुरू केली होती: खिलारी जोडी विकू नका, वांग्याला पाणी सोमवारी, आणि तेराव्याला आचारी इंदापूरचाच बोलवा. डॉक्टरांनी नाडी बघितली, पायांखाली उशी दिली आणि सांगितलं, "काही होत नाही. अर्ध्या तासात उठून बसाल." मामा अर्ध्या तासात उठून बसले, पण सगळ्यांपुढे एवढं बोलून गेल्यावर न मेल्याचा त्यांना फार संकोच वाटला.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. पुढे इंदापूरच्या त्यांच्या एका जुन्या दोस्ताच्या मुलीचं लग्न आलं. मामा हौसेने फेटा बांधून निघाले, सोबतीला मी. पंगतीत त्यांना मधोमध बसवलं. वाढप्याने सवयीने पानावर जिलब्यांचा ढीग घातला, भाताचा डोंगर केला. मंडपाच्या खांबांपाशी माणसं बघायला उभी राहिली. मामांनी भाताचे चार घास खाल्ले, पेरांवर मोजत, आणि थांबले. "लाजू नका, मामा!" कोणी ओरडलं. मामा हसले. कोणी जिलबी हातात घेऊन आग्रह करायला आला, त्याला त्यांनी हात जोडले. मग मागून कोणीतरी, ऐकू जाईल इतक्याच हलक्या आवाजात म्हणालं, "मानूस संपला बगा." पंगत उठली तेव्हा भरलेलं पान कोणाला दिसू नये म्हणून मामांनी ते स्वतःच दुमडलं.

परतताना एसटीत त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. भिगवणच्या अलीकडे म्हणाले, "जावईबापू, लोकं मला कशापायी बोलवत हुती वो?"

त्या दिवसापासून मामा वाटीला नाही म्हणू लागले. मी ठेचा कसा लागला ते आपणहून सांगू लागलो तर "असंल" म्हणून कूस बदलत. डॉक्टर म्हणाले, "जखम भरली आहे. आता न खाण्याने जातील." सुमनने मामींना निरोप धाडला. मामी दुसऱ्याच दिवशी ज्वारीच्या पिठाचं गाठोडं घेऊन आल्या. बारीक, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी तळहाताएवढी भाकरी थापली, मामांपुढे ठेवली आणि चुलीपाशी बसून राहिल्या. मामांनी एक तुकडा मोडला. तो चावत असताना, करायला दुसरं काही नसल्यामुळे, ते मामींकडे बघत होते.

"तू कवा जेवतीस?" त्यांनी अचानक विचारलं.

"तुमचं झाल्याव."

"माझं तर दोन दोन तासाला हुतंय. मग?"

मामी चुलीतलं लाकूड पुढे सारू लागल्या. तीस वर्षांच्या संसारात मामांनी त्यांना जेवताना पाहिलंच नव्हतं. ते पानावरून उठेपर्यंत त्या तव्यापाशीच असत, आणि उठल्यावर ते शेतात जात. "बस हितं," मामा म्हणाले, "न्हायतर म्या बी खात न्हाय." जावयासमोर जेवायचं या लाजेने मामी माझ्याकडे पाठ करून बसल्या, पण बसल्या. मामांनी इतके दिवस माझ्या ताटावर रोखलेली नजर आता मामींच्या ताटावर रोखली.

"वांगं का बाजूला सारलंस?"

"मला न्हाय आवडत."

मामांचा घास हातातच राहिला. "आगं, तीस वरसं आपल्या घरात वांगं हाय!"

"हाय की," मामी म्हणाल्या. "पन इचारलं कुनी?"

सुमन पदराआड हसली, मी हसलो, आणि मग मामाही पोटाची शिवण धरून हसू लागले. "मग काय आवडतं?" "घेवडा." त्या साली शेळगावच्या निम्म्या वाफ्यांत घेवडा लागला. मामा पुन्हा वाटीला लागले, वेळेवर, पण मामींचं ताट शेजारी असेल तरच.

मामा आता नाहीत. त्यांची आठवण निघाली की जुने लोक पंगतींच्या गोष्टी सांगतात. मला मात्र नरसिंहपूरचा दिवस आठवतो. मामींनी नवस बोलला होता, तो फेडायला आम्ही चौघं गेलो होतो. दर्शन झाल्यावर संगमाच्या पायऱ्यांवर भाकरी सोडल्या. मामांची चतकोर केव्हाच संपली. मामी सावकाश, मन लावून खात होत्या. आता त्या कोणाकडे पाठ करून बसत नसत. मामा उष्टा हात गुडघ्यावर धरून तसेच बसले होते.

"आवं, हात धुवा की. वाळला पार," मामी म्हणाल्या.

"हू दे तुझं," मामा म्हणाले. "मला कुठं जायाचंय?"

मामींनी आणखी एक चतकोर घेतली. ती संपेपर्यंत मामा पाण्याकडे बघत राहिले. मग दोघं एकमेकांना धरून पायऱ्या उतरली, आणि त्यांनी नदीत हात धुतले.