घट्ट पट्टा

कपाळाला पट्टा बांधणाऱ्या त्या टेक्निशियनचा मला राग येतो. मला नैराश्याचा आजार आहे. या आजारात मेंदूचा पुढचा भाग किती काम करतो, ते पट्ट्यामुळे पडद्यावर रंगांत दिसतं. संशोधनासाठी मी दर महिन्याला रुग्णालयात जातो. तो कापसानं माझं कपाळ पुसतो, पट्टा बांधून "घट्ट नाही ना?" विचारतो आणि एक अक्षर देतो. त्या अक्षराचे शब्द सांगायचे. कसबा पेठेत भांडी विकताना जीभ कधी अडली नाही, पण इथे दोन-तीन शब्दांत संपतो. तो शांतपणे वाट बघतो. त्याचीही चीड येते.

हातगाडीपासून दुकान मी उभं केलं, आणि आजारात काही महिने अंथरुणातून उठलो नाही, तर धाकट्या भावानं कामचुकार ठरवून चावी खिशात घातली. म्हणतो, "दादा, नाटकं पुरे. खरंच आजार असेल तर दाखव, चावी देतो."

म्हणून त्यालाच घेऊन गेलो. "पडद्यावरचा फोटो द्या," मी टेक्निशियनवर ओरडलो, "माझ्या दुकानाची चावी त्यावर अडकलीय!"

"अहो, संशोधनात अनेकांचे फोटो मिळून बघतात, एकट्याच्या फोटोवरून आजार ठरत नाही. पुरावा म्हणून खोटं कसं देऊ?" मग भावाकडे वळून म्हणाला, "आपण रोज यांना बघता. आपल्याला फोटो लागतो?"

जिना उतरताना भाऊ म्हणाला, "म्हणजे काही निघालं नाही."

पुढच्या महिन्यात कपाळ पुसताना टेक्निशियननं विचारलं, "चावी दिली त्यांनी?"

"नाही."

भावावरचा राग काढल्यासारखा त्यानं पट्टा असा आवळला की कपाळ ठणकलं. घट्ट आहे का, हे या वेळी विचारलं नाही. मीही सैल करायला सांगितलं नाही.