चार कोटी वर्षांचं तान्हं

माझी थोरली नात लहानपणापासून तोंडातून शब्द काढायची नाही, म्हणून घरात तिचं नाव पडलं घुमी. ही घुमी आता ग्रह शोधते. लोकांना वाटतं, रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसत असेल. छे हो, दहा ते सहा, तळघरातल्या खोलीत, संगणकासमोर. टेबलं चार, माणूस एक. बाकीचे तिघे दुसऱ्या कामांवर गेले.

मी सातवी पास, पण मला समजलंय. आकाशात ताऱ्यांचे पुंजके असतात, सगळे एकाच वेळी जन्मलेले. एकाचा जन्मदाखला मिळाला की सगळ्यांचं वय कळलं. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की प्रकाश किंचित उतरतो, हजारात एक भाग. पण तरुण तारे अंगभर डाग घेऊन गरगर फिरतात, त्यांचा प्रकाश आधीच वरखाली. संगणक ते चढउतार पुसून काढतो, आणि त्यात बारका ग्रहही पुसला जातो. म्हणून ही बया एकेका ताऱ्याचा आलेख स्वतःच्या डोळ्यांनी तपासत बसली. अकरा महिने. एका ताऱ्याच्या आलेखात प्रकाश उतरल्याचे दोन खळगे सापडले. तिच्या मोठ्या बाई म्हणाल्या, तिसरा दाखव. आपल्याकडे दुपार असताना जिथे रात्र असते, तिथली दुर्बीण एकदाच मिळेल; दिसला नाही तर तारा यादीतून बाद, आणि हे कामही बंद.

त्या दुपारी तिचा फोन आला. आजोबा, काहीही बोला, म्हणाली, फक्त फोन ठेवू नका. मला काय, आयतंच गिऱ्हाईक. आमच्या मास्तरांची सायकल विहिरीत पडली तिथून मी सुरुवात केली. हिच्या हिशेबाने सव्वादोनला प्रकाश उतरायचा होता. अडीच झाले, रेघ सपाट. सायकल वर निघाली, मास्तर आत पडले, तरी सपाट. आलेखावर नवा ठिपका आला की ती मध्येच "सपाट" एवढंच सांगायची.

तीनला म्हणाली, "आजोबा, थांबा."

आयुष्यात पहिल्यांदा मी गोष्ट अर्धी सोडली.

"उतरतंय."

मी विचारलं, बाळाचं वय काय? चार कोटी वर्षं, म्हणाली, ग्रहांत तान्हंच. मी म्हटलं, मग जा की, सांग सगळ्यांना.

"कुणाला? इथे कोणी नाही. बाई परवा येणार."

मग मलाच सांगत बसली. नवा ठिपका आला की म्हणायची, आता आणखी खाली. सहाला शिपाई दार लावायला आला, तर त्यालाही सांगितलं. मी फोनवरून ऐकलं. तो म्हणाला, "बरं. जाताना दिवा तेवढा बंद करा."