पदर नसलेला खांदा

रविवारी दुपारी सांगलीतल्या आमच्या घराची दारं-खिडक्या लावून मी साडी नेसतो. बायकोला हे लग्नाआधीच सांगितलं होतं. तिनं बराच विचार करून एवढंच विचारलं, "माझ्या नेसणार की स्वतःच्या आणणार?" तेव्हा आमच्या घरात साडीची भानगड नाही. भानगड असते ती सोमवारी. साडी घडी होऊन कपाटात जाते, हात थोडेच जातात?

ऑफिसचा जिना चढताना मी दोन बोटांनी पँट पुढून उचलतो, निऱ्या पायात येऊ नयेत म्हणून. हात धुण्याआधी नसलेल्या बांगड्या कोपराकडे सारतो. आणि न घसरलेला पदर तर दिवसभर सावरत असतो. ऑफिसात सगळ्यांना वाटतं माझा खांदा दुखतो. एकानं गावाकडचं तेल आणून दिलं. तेल चांगलं आहे.

ऑफिसात निभतं, पण सासुरवाडी माण तालुक्यातल्या खेड्यातली. सासरे फौजेतून निवृत्त झालेले. त्यांची मिशी पाहिली की माझी पाठ आपोआप ताठ होते. यंदा जत्रेला निघताना बायकोनं गाडीतच बजावलं, "अहो, घरात काय हवं ते नेसा. पण तिथं कुणाला कळलं तर माझं माहेर तुटलं. वर्षातनं एकदा मिळतं मला ते." तिचे डोळे भरले होते. माझा हात कुठं जायला लागला की तिनं खोकायचं, असं ठरलं.

तिथं पोचून सतरंजीवर बसताना मी नसलेली साडी मागून चापली. ती खोकली. पानावर बसण्याआधी बांगड्या सारल्या. ती खोकली. गटार ओलांडताना पँट उचलली, तेव्हा तर ती वाकून वाकून खोकली. सासूबाईंनी घाबरून आलं-मिरीचा कडक काढा केला आणि समोर उभं राहून पाजला. संध्याकाळपर्यंत बिचारीचे तीन पेले झाले. माझ्याकडे ती ज्या नजरेनं बघत होती, ती नजर काढ्यापेक्षा कडू होती.

दुसऱ्या दिवशी देवळासमोर सासरे खोबऱ्याचा प्रसाद वाटायला उभे राहिले. तिथं बाप्ये ओंजळ करतात, बायका पदर पसरतात. माझी पाळी आली. मी शर्टाचा घोळ दोन्ही हातांनी धरला, मान खाली घातली आणि ओटी भरून घ्यावी तसा पुढे केला. बायको खोकली नाही. प्रकरण खोकण्याच्या पलीकडे गेलं होतं.

"आवं पावनं, हाताला काय झालं तुमच्या?" सासऱ्यांनी विचारलं.

माझी अब्रू गेली तर गेली, पण हिचं माहेर? मी तळवे बघितले. नशिबानं ते भंडाऱ्यानं पिवळे झाले होते. म्हणालो, "देवाचा भंडारा आहे हाताला. ओंजळ करायची तर आधी झटकावा लागेल. पायाखाली कसा सांडू?"

सासऱ्यांची मिशी थरथरली. "बघा रं गड्यांनो! शिकलेला माणूस हाय, पर देवाची चाड लय!" त्यांनी दोन मुठी जास्तच टाकल्या. मागं वळून बघतो तर रांगेतले सगळे बाप्ये शर्टाचे घोळ धरून उभे. एकजण नुसत्या बनियनवर होता, त्यानं बनियन ताणलं. मला हसूही येईना आणि रडूही येईना.

निघताना सासूबाईंनी लेकीची ओटी भरली. ती गाडीत बसली तशा त्या माझ्याकडे वळल्या. मी वाकून नमस्कार केला आणि उठताना हात गेलाच खांद्याकडे. सासूबाईंनी तो मधेच धरला. स्वतःच्या बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटली.

"पिन लावत जावा पावनं," त्या हळूच म्हणाल्या. "सारखा हात न्यावा लागत न्हाई. आन् माझ्या लेकीला काढा तरी किती पाजू?"

मग सासऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "फुडल्या जत्रंला दोघंबी या."

गाव मागं पडल्यावर बायकोनं विचारलं, "आई काय म्हणाली?" मी मूठ उघडून दाखवली. तिला आधी रडू फुटलं, मग हसू, आणि हसता हसता असा ठसका लागला की खरंच खोकला सुरू झाला.