आमच्या ग्रहांचे किस्से

चार माणसांना एका टेबलाभोवती बसवून विश्व निर्माण करायला सांगितलं, तर विश्व निर्माण होत नाही, किस्से होतात. गेली काही वर्षं मी हे दर रविवारी पाहतोय. ग्रह थोडे झाले, किस्से पोत्याने झाले. मित्र म्हणतात, लिहून काढ. काढतो. पण वाचताना डोक्याला हात लावायची तयारी ठेवा.

आधी खेळ सांगतो. याला बोर्ड नाही, सोंगट्या नाहीत. चार जण एका रॉकेटचे खलाशी होतात आणि रॉकेट नवनव्या ग्रहांवर उतरतं. ग्रह ज्याचा त्याने बनवायचा आणि कागदावर लिहून माझ्याकडे द्यायचा. त्या ग्रहावरची माणसं, राक्षस, यंत्रमानव, सगळ्यांची सोंगं मी वठवायची. अडलं की फासा टाकायचा.

अट एकच : सगळं रेट्रो हवं. म्हणजे साठ-सत्तर वर्षांपूर्वी लोक अंतराळाची जशी कल्पना करायचे तसं. शेपटीला पंख असलेलं चंदेरी रॉकेट, डोक्यावर काचेचं हेल्मेट, छातीवर दिवे लुकलुकणारा यंत्रमानव, शुक्रावर जंगल, मंगळावर कालवे. किती सोपं आहे! पण पालथ्या घड्यावर पाणी.

आमचा अड्डा अमळनेरला, कांतीभाऊंच्या सरकीच्या गोदामावरच्या खोलीत. कांतीभाऊंचे पणजोबा राजस्थानातून आले, तेव्हापासून दुकान. खोली त्यांची, चहा त्यांचा, म्हणून रॉकेटची तोफही त्यांच्याकडे. धरणगावहून प्रशांत येतो. कापूस करतो आणि मोबाइलचं दुकान चालवतो. तो कॅप्टन. भुसावळहून नाना येतात. वरणगावच्या बाजूला दारूगोळ्याच्या कारखान्यात सगळी नोकरी झाली, आता निवृत्त. ते इंजिनियर. धुळ्याहून एसटीने रेखाताई येते, बँकेत कॅशियर. ती नकाशा बघते. आणि मी जळगावचा, फिजिक्सचे क्लास घेतो.

मी स्वतः ग्रह बनवत नाही. मी तपासतो. पुण्याच्या एका प्रकाशकाशी माझी ओळख आहे, तो आमच्या ग्रहांचं पुस्तक काढायला तयार झालाय. खेळून पास झालेला ग्रह पुस्तकात, आणि ग्रहाच्या डोक्यावर बनवणाऱ्याचं नाव. पास-नापास कोण करणार? उघड आहे!

* * *

पहिला ग्रह प्रशांतचा. मंगळ. मी खूश झालो, कारण रेट्रो मंगळ म्हणजे कालवे, आणि कालव्यांच्या काठी एक प्राचीन, गूढ, मरायला टेकलेली संस्कृती.

रॉकेट उतरलं. लांबवर लाल वाळूत हिरव्या अंगाचे उंच मंगळवासी उभे. हातात भाले. मी आवाज खोल केला, खोलीतला पंखा बंद करायला लावला. वातावरण कसं भारलेलं! मंगळवासीयांचा म्होरक्या पुढे आला. आता तो पहिलं वाक्य काय बोलणार, म्हणून मी प्रशांतच्या कागदात पाहिलं.

लिहिलं होतं, ‘तुम्ही कालवाना साहेब शेतस का?’ म्हणजे, तुम्ही पाटबंधारे खात्याचे साहेब आहात का!

मी कागद खाली ठेवला. म्हटलं, "प्रशांत, हे काय आहे?"

"सर, पानी टेलले, शेवटना वावरले, पोचतच नई. मंग काय करतीन त्या बिचारा?"

पुढचे दोन तास अखिल मानवजातीचे प्रतिनिधी मंगळावर पाण्याच्या पाळ्या लावत बसले. आणि चौघांना तो खेळ इतका आवडला की मला नाइलाजाने पास करावा लागला. भाले कशाला होते, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

* * *

नानांचा ग्रह होता ‘अग्नी-तीन’. सूर्याला चिकटलेला, धगधगता. नाना म्हणाले, "तापमान अठ्ठेचाळीस."

मी जाहीर केलं, "प्रत्येकाने फासा टाका. उष्णतेने तुमची शक्ती निम्मी होतेय!"

कोणी फाशाला हात लावेना. बाहेर मे महिना होता. गोदामाचे पत्रे वाजत होते.

प्रशांत म्हणाला, "सर, इतला ताप तं आमना घरमा बी ऱ्हास."

"बरं, साठ!" मी ओरडलो. "साठ डिग्री! बुटांचं रबर मऊ होतंय, हेल्मेटची काच तडकतेय!"

कांतीभाऊंनी शांतपणे विचार केला. "मग असं करू. दुपारभर रॉकेटमध्येच पडू, आणि चारनंतर निघू."

 खानदेशातल्या माणसाला उन्हाने मारायला निघालेला नाना नावाचा खुळा हा एकच. तोही खानदेशातलाच!

* * *

याच नानांमुळे एका रविवारी आम्ही पृथ्वीवरच राहिलो.

त्या दिवशी मी नवीन नियम काढला होता : उड्डाणाआधी इंजिनियरने रॉकेट तपासावं. नमनालाच घडाभर तेल जाणार, हे मला कळायला हवं होतं. नानांनी आधी सगळ्यांचे खिसे तपासले. खेळातले नव्हे, खरे! कांतीभाऊंच्या देवघरातली काडेपेटी खोलीबाहेर गेली. प्रशांतच्या बुटांना खिळे आहेत का, ते उलटे करून पाहिलं. मग इंधनाची खोली वेगळी, तिच्याभोवती मातीचा बांध, मग बांधाची उंची.

"नाना, हे कागदावरचं रॉकेट आहे," मी म्हटलं.

"मास्तर, स्फोटाला ते माहीत नसतं."

संध्याकाळी माझी गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा काउंटडाउन अजून ‘दहा’वर होतं. नाना मात्र स्टेशनच्या वाटेवर छाती पुढे काढून म्हणाले, "पण अपघात झाला का? नाही झाला!"

* * *

कांतीभाऊंच्या हातात तोफ दिली, हा आमच्या इतिहासातला सर्वात मोठा विनोद. किरणांची तोफ, एका झोतात डोंगर विरघळेल अशी. आणि तोफेवर कोण? चालताना मुंगी दिसली तर पाऊल वळवणारा माणूस.

गुरूच्या चंद्रावर हत्तीएवढा कोळी अंगावर आला. प्रशांत ओरडतोय, "भाऊ, मारा, मारा!" कांतीभाऊ म्हणतात, "थांब रे, त्याचं म्हणणं काय आहे ते तर बघू." कोळ्याने यंत्रमानव गिळला. कांतीभाऊ म्हणाले, "भुकेला असेल."

शेवटी माझ्या धाकाने त्यांनी फासा टाकला, तोही डोळे मिटून. नेमकं सर्वात मोठं दान पडलं! कोळी जागच्या जागी ठार.

 कांतीभाऊ मान खाली घालून बसले. मग म्हणाले, "सर, त्याला पोरंबाळं होती का हो?"

मी सांगितलं की नव्हती. त्यांना पटलं नाही. एरवी चार वाजता येणारा चहा साडेचार झाले तरी आला नाही. पाच वाजता मी त्या कोळ्याला जिवंत केलं, तेव्हा कुठे जिन्यावर कपबशा वाजल्या!

* * *

एक नियम मला भिंतीवर मोठ्या अक्षरात चिकटवावा लागला : ‘कोणत्याही ग्रहावर वांगी नकोत.’

जगात कुठे असा नियम करावा लागला असेल? पण आमचं रॉकेट दहा प्रकाशवर्षं पार करून कुठेही उतरो, तासाभरात काटक्या पेटायच्या आणि भरिताचा बेत ठरायचा. प्रशांतचं म्हणणं, "ग्रह कोनता बी ऱ्हावो सर, भूक तं लागसच ना!"

नियम लागला त्याच्या पुढच्याच रविवारी त्याने नवा ग्रह आणला. त्यात एक वनस्पती. ‘फळ हिरवं, लांबट, डोक्यावर काटेरी टोपी. विस्तवावर धरल्यास साल आपोआप सुटते. तिथली माणसं ते दाणे, लसूण आणि हिरवी मिरची घालून कुटतात.’

वर टीप : ‘हे वांगं नाही.’

* * *

आता रेखाताई. या बाईची चिकाटी मानली पाहिजे. बाकी सगळ्यांचे दोन-दोन, तीन-तीन ग्रह पास झाले होते, हिचा एकही नाही. पण एसटीत उभं राहून का होईना, दर रविवारी हजर.

पहिला ग्रह तिने आणला, त्यावर यंत्रमानव रांगेत उभे राहतात आणि त्यांचा नंबर आला की खिडकी बंद होते. मी म्हटलं, ही बँक आहे. नापास. दुसऱ्या ग्रहावर माणसं मुकी, सगळं बोलणं हातांनी. मी म्हटलं, मग मी सोंग कसं वठवू? नापास. तिसरा सावल्यांचा ग्रह. दोन सूर्य, प्रत्येकाला दोन सावल्या, आणि त्यातली एक संध्याकाळी घरी परत येत नाही. ऐकायला बरं होतं, पण फिजिक्स? कच्चं! नापास.

त्या दिवशी ती पहिल्यांदा चिडली. "सर, शुक्रावर जंगल चालतं, मंगळावर पाण्याच्या पाळ्या चालतात, आणि माझी सावली तेवढी चालत नाही?"

"जंगलाला परंपरा आहे," मी म्हटलं.

कांतीभाऊ मध्ये पडले, "सर, तुमचा एखादा ग्रह दाखवा ना. म्हणजे आम्हाला कळेल कसा असावा."

"परीक्षक पेपर सोडवत नसतो, कांतीभाऊ."

मग रेखाताई जरा खालच्या आवाजात म्हणाली, "घरी सांगितलंय, पुस्तक लिहितेय. सासूबाई रोज विचारतात, ‘दर रविवारले कोनतं पुस्तक लिखाले जास तू?’ पुस्तक आल्यावर त्यात नावच नसलं तर काय दाखवू त्यांना?"

मला वाईट वाटलं. नाही असं नाही. पण दया करून कोणाचे मार्क वाढवायचे नाहीत, हे मी क्लासमध्येही पाळतो. तिला म्हटलं, "दसऱ्याला मजकूर पुण्याला जाणार. त्याच्या आधीचा रविवार शेवटचा. बघा काही सुचतंय का."

* * *

त्या शेवटच्या रविवारी ती आली आणि एकच कागद माझ्या हातात दिला.  मी मोठ्याने वाचला.

‘ग्रहाचं नाव : ओसाड-एक. हवा उत्तम. पाणी गोड. जमीन काळी, कापसाजोगी. तरीही वस्ती नाही, एक माणूस सोडून. तो काचेचं हेल्मेट घालून रॉकेटतळावर खुर्ची टाकून बसतो. आलेल्या प्रत्येक रॉकेटमध्ये खोट काढतो आणि परत पाठवतो. म्हणून ग्रह ओसाड. त्याने स्वतः कधी रॉकेट बांधलेलं नाही. त्याच्याकडून उतरायची परवानगी मिळवायची. राक्षस नाही. फासा नाही.’

खरं सांगतो, मी चकित झालो. इतकं जिवंत पात्र आमच्याकडे आजवर कोणी लिहिलं नव्हतं. मी खुर्ची जरा मागे सरकवली, पायावर पाय टाकला आणि सोंगात शिरलो.

प्रशांतने कॅप्टन म्हणून सलाम ठोकला. परवानगी मागितली.

"हे पंख कोणी जोडले?" मी म्हणालो. "असं रॉकेट मागे एक येऊन गेलंय. ते याहून बरं होतं. तेही मी परत पाठवलं."

नाना म्हणाले, "साहेब, सगळी तपासणी केलेली आहे."

"तपासणी केल्याने रॉकेट सुरक्षित होतं, नाना. चांगलं होत नाही."

कांतीभाऊंनी चहा पुढे केला. मी म्हटलं, "चहाने विज्ञान बदलत नसतं."

वाक्यं आपोआप येत होती हो! कागदाकडे बघावंसुद्धा लागेना. माझं काम इतकं रंगलं की कांतीभाऊंनी तोंडात रुमाल कोंबला. प्रशांत "पाणी पिऊन येतो" म्हणून गॅलरीत गेला आणि तिकडून बराच वेळ खोकत राहिला. नाना तर डोळे पुसत होते. चांगल्या अभिनयाने माणसं हलतात, हे मी ऐकून होतो, पाहिलं त्या दिवशी.

शेवटी राहिली रेखाताई. तिने ना रॉकेटचं कौतुक केलं, ना विनवण्या केल्या. म्हणाली, "आम्ही जातो परत, साहेब. फक्त एक सांगा. तुम्हाला इथं एकट्याला करमतं का?"

याचं उत्तर कागदावर नव्हतं. मी पायावरचा पाय खाली घेतला. कांतीभाऊंनी तोंडातला रुमाल काढला होता. प्रशांत गॅलरीतून येऊन दारात उभा राहिला होता.

मी म्हणालो, "उतरा."

आणि का कोण जाणे, मला फार बरं वाटलं. मी तिथल्या तिथे लाल पेन काढलं आणि तिच्या कागदावर लिहिलं, ‘पास.’ वर रेखाताईचं पूर्ण नाव घातलं, आडनावासकट. पुस्तकातला हा पहिलाच ग्रह असेल, हेही सांगून टाकलं. तिने तो कागद दोन्ही हातांनी घेतला. बाकीचे तिघे टाळ्या वाजवत सुटले.

निघताना जिन्यात मी तिला गाठलं. म्हटलं, "रेखाताई, एक विचारू? हा माणूस तुम्हाला सापडला कुठे?"

"सापडला कुठे म्हणजे? दर रविवारी भेटतो, सर."

मी मान डोलावली. बँकेत एकेक नमुने येतात खरे!